उत्तर कोण देणार? लहान व्यवसायांसाठीच्या विनाकोड चॅटबॉटचा आढावा

मृग लागला की यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, पांढरकवडा इथल्या कृषी केंद्रांचे फोन थांबत नाहीत. अमुक वाणाचे पाकीट आले का, युरिया आहे का, रविवारी दुकान उघडे असते का, माल गावापर्यंत पोचवाल का. प्रश्न ठरावीक असतात, विचारणारे शेकडो आणि काउंटरमागे माणसे दोन-तीन. प्रवेशाच्या दिवसांत शिकवणी वर्गांची, लग्नसराईत मंगल कार्यालयांची आणि दाखल्यांच्या हंगामात सेतू केंद्रांची हीच स्थिती होते. ज्या ग्राहकाला उत्तर मिळत नाही, तो शेजारच्या दुकानात जातो किंवा एका पाकिटासाठी तालुक्याला फुकट चक्कर मारतो. दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे, कारण त्यात एसटीचे भाडे आणि पेरणीचा एक दिवस जातो.

या अडचणीवर गेल्या काही वर्षांत एक उपाय पुढे आला आहे. प्रोग्रामिंगचा एकही शब्द न लिहिता, पडद्यावर चौकोन आणि बाण जोडून किंवा स्वतःची माहितीपत्रके चढवून दुकानदाराने स्वतःच चॅटबॉट तयार करायचा. ते जमते का, याचे उत्तर बहुतांशी ‘हो’ असे आहे. तो बॉट कोणत्या प्रश्नांची उत्तरे देईल, कोणत्या भाषेत देईल आणि चुकला तर जबाबदार कोण, यावर मात्र जाणकारांचे एकमत नाही. त्या चर्चेचा हा आढावा आहे.

‘लहान व्यवसाय’ म्हणजे काय, हे आधी ठरवून घेतलेले बरे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. या लेखापुरता विचार त्याहूनही लहान दुकानांचा आहे: मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, मदतीला एक-दोन माणसे असतात आणि संगणक सांभाळायला वेगळा माणूस नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती आणि त्यातले जवळपास चार-पंचमांश लोक खेड्यांत राहत होते. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात ग्राहक आणि दुकान यांच्यात अंतर असते, आणि म्हणूनच दुरून मिळणाऱ्या उत्तराला इथे किंमत आहे.

पार्श्वभूमी: दुरून उत्तर देण्याची परंपरा

यंत्राने माणसाशी लेखी संवाद करण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९६६ चा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम लिहिला. समोरच्याच्या वाक्यातले शब्द उचलून त्यांचाच प्रश्न करून परत देणे, एवढेच तो करत असे. त्याला काहीही समजत नव्हते, तरी लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले, आणि याने खुद्द वायझेनबॉम अस्वस्थ झाले. यंत्राचे बोलणे ओघवते असले की त्याला समजही आहे असे माणूस धरून चालतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

महाराष्ट्रात दुरून उत्तरे देण्याची सुरुवात माणसांच्या भरवशावर झाली. आयआयटी मुंबईने २००३ च्या सुमारास ‘ॲक्वा’ हा प्रश्नोत्तरांचा उपक्रम उभा केला. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न टाकायचा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे, अशी ती रचना होती. २१ जानेवारी २००४ रोजी देशभर किसान कॉल सेंटर सुरू झाले. तिथेही तंत्रज्ञान प्रश्न पोचवत असे आणि उत्तर माणूस देत असे.

यंत्राने स्वतः उत्तर देण्याकडे वळण आले ते संदेशवहनाच्या अ‍ॅपमुळे. टेलिग्रामने २०१५ मध्ये आणि फेसबुक मेसेंजरने २०१६ मध्ये बॉटसाठी दार उघडले. आपल्याकडे निर्णायक ठरले व्हॉट्सअ‍ॅप. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप आले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोठ्या व्यवसायांसाठी एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला थेट जोडता येणारी सेवा सुरू झाली. मे २०२२ मध्ये ही सेवा मेटाच्या स्वतःच्या सर्व्हरवरून सर्वांना मिळू लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि ठरीव बटणांपलीकडे जाऊन मोकळ्या भाषेतल्या प्रश्नाला उत्तर देणारा बॉट आवाक्यात आला.

सरकारी सेवांनीही लोकांना या पद्धतीची ओळख करून दिली. मार्च २०२० मध्ये केंद्राची करोना मदतवाहिनी व्हॉट्सअ‍ॅपवर आली; ती मुंबईच्या हॅप्टिक कंपनीने बांधली होती. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने आपली सेवा सुरू केली. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेसाठी ‘किसान ई-मित्र’ आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यासाठी मेटाशी करार केला आणि त्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी ‘महाविस्तार’ हे अ‍ॅप आले. त्यामुळे आज एखाद्या दुकानाने बॉट लावला, तर ग्राहकाला ती पद्धत अगदीच अनोळखी वाटणार नाही.

आज हाताशी असलेले तीन मार्ग

पहिला मार्ग फुकटचा आहे आणि बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासून आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपमध्ये स्वागताचा संदेश, दुकान बंद असतानाचा संदेश, वारंवार लागणाऱ्या उत्तरांसाठी साठवून ठेवलेले मजकूर, मालाची यादी आणि संभाषणांना लावायची लेबले मिळतात. काटेकोर अर्थाने हा बॉट नव्हे, कारण प्रश्न काय आहे हे तो पाहत नाही. पण ‘दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ, रविवारी बंद, पत्ता आणि नकाशा खाली’ एवढा संदेश रात्री अकराला आपोआप गेला, तरी पुष्कळ फोन वाचतात.

दुसरा मार्ग बटणांच्या झाडाचा. वाटी, आयसेन्सी, इंटरॅक्ट, गॅलाबॉक्स, गपशप अशा मध्यस्थ कंपन्या पडद्यावर ओढून जोडायचे चौकोन देतात. ग्राहकाने ‘बियाणे’ दाबले की एक यादी, ‘खत’ दाबले की दुसरी, ‘माणसाशी बोला’ दाबले की दुकानदाराला सूचना. व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमानुसार एका संदेशात उत्तराची तीन बटणे किंवा दहा ओळींची यादी देता येते आणि बटणावरचा मजकूर वीस अक्षरचिन्हांत बसवावा लागतो. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात, म्हणून मराठीत मजकूर फारच आखूड ठेवावा लागतो. या मार्गाची ताकद अशी, की जे लिहिले तेच बॉट बोलतो. मर्यादा अशी, की झाडाच्या बाहेरचा प्रश्न आला की तो अडतो.

तिसरा मार्ग भाषा-प्रारूपांचा, म्हणजे चॅटजीपीटीच्या जातीच्या तंत्राचा. दुकानदार आपली दरसूची, नियम आणि नेहमीची प्रश्नोत्तरे एका फाइलमध्ये देतो. ग्राहकाचा प्रश्न आला की प्रणाली त्या फाइलमधले जवळचे उतारे शोधते आणि प्रारूप त्यांवरून वाक्य रचते. ग्राहकाला हवे तसे लिहिता येते, शब्द मागेपुढे झाले तरी चालते. पण फाइलमध्ये उत्तर नसले, तर ‘माहीत नाही’ म्हणण्याऐवजी पटण्याजोगे काहीतरी रचून सांगण्याची या प्रारूपांची खोड अजून गेलेली नाही. सूचना कडक लिहिल्या, उतारे नेमके दिले की ती कमी होते, पूर्ण थांबत नाही.

बांधणीतले खरे काम

तिन्ही मार्गांत हत्यार चालवणे सोपे आहे. वेळ जातो तो त्याआधीच्या कामात, आणि या मुद्द्यावर विक्रेते व टीकाकार दोघांचे बऱ्यापैकी एकमत आहे.

पहिले काम प्रश्न गोळा करण्याचे. दुकानाच्या फोनवरचे मागच्या हंगामातले संदेश वाचून काढले, तर नेहमीचे प्रश्न थोडेच आहेत हे लवकर लक्षात येते. दुसरे काम उत्तरे लिहिण्याचे. ‘घरपोच देतो’ हे उत्तर अपुरे आहे. किती मालावर, किती अंतरापर्यंत, कोणत्या वारी आणि गाडीभाडे कोणाचे, हे मालकाने आधी स्वतःशी ठरवावे लागते. तिसरे काम उत्तरांची वर्गवारी. दुकानाचा पत्ता वर्षानुवर्षे तोच राहतो, पण भाव बदलतात. कापसाच्या बीजी-२ बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवते. २०२४ मध्ये ती ८६४ रुपये होती, २०२५ मध्ये ९०१ झाली. जुना आकडा बॉटमध्ये राहिला, तर दुकानदार खोटा ठरतो. चौथे काम माणसाकडे वळवण्याची वाट ठेवण्याचे. ती वाट पहिल्याच संदेशात दिसली पाहिजे. शेवटचे काम परीक्षेचे, आणि ती दुकानाबाहेरच्या माणसाने घ्यायला हवी, कारण ज्याने उत्तरे लिहिली तो नकळत त्याच शब्दांत प्रश्न विचारतो.

याखेरीज एक मोठी दरी उरते. ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो ‘माल आहे का?’ आणि बहुतेक लहान दुकानांत त्याचे उत्तर वहीत किंवा मालकाच्या डोक्यात असते. अनुदानित खताची विक्री २०१८ पासून देशभर पीओएस यंत्रावर आधारच्या ओळखीने होते. म्हणजे खताचा साठा डिजिटल नोंदीत आहे. बियाण्यांच्या मागोव्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘साथी’ ही प्रणाली आणली. पण दुकानदाराने सहज तयार केलेला बॉट या सरकारी नोंदींशी आपोआप जोडला जात नाही. परिणामी सर्वांत जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापुरता बॉट पुन्हा माणसावरच अवलंबून राहतो: कोणीतरी रोज सकाळी ‘आज काय आहे’ ते भरायचे.

पहिली भूमिका: लहानांना मोठ्यांच्या बरोबरीने आणणारे साधन

समर्थकांचे म्हणणे असे. ऑनलाइन विकणाऱ्या बड्या कंपन्या ग्राहकाला मध्यरात्रीही उत्तर देतात. लहान दुकानदाराला आजवर ते परवडत नव्हते, आता परवडते. पापड, शेवया, चटण्या विकणारा महिला बचत गट स्वयंपाक आणि शेतीच्या कामात असतानाही त्यांची मागणी नोंदली जाते. लिहिता येणाऱ्या कोणालाही हे साधन हाताळता येते, म्हणून शहरातल्या संगणक कंपनीवर विसंबावे लागत नाही.

या भूमिकेच्या पाठीशी काही अभ्यास आहे. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड यांनी २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास मांडला. यंत्राने सुचवलेली उत्तरे हाताशी असताना तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी वाढल्या, नवशिक्यांच्या बाबतीत सुमारे ३४ टक्क्यांनी. अनुभवी लोकांना फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास माणसाला मदत करणाऱ्या यंत्राचा होता, माणसाच्या जागी बसवलेल्या यंत्राचा नव्हे. समर्थक तो सांगताना हा भेद कधी कधी गाळतात.

माणसाच्या जागी यंत्र बसवल्याचे भारतातले गाजलेले उदाहरण बेंगळुरूच्या ‘दुकान’ या कंपनीचे. जुलै २०२३ मध्ये तिचे संस्थापक सुमित शाह यांनी ग्राहकसेवेतले ९० टक्के कर्मचारी कमी केल्याचे जाहीर केले. तक्रार सुटण्याचा वेळ दोन तासांहून तीन मिनिटांवर आला आणि खर्च ८५ टक्क्यांनी घटला, असे त्यांचे म्हणणे होते. आकडे कंपनीने स्वतः दिलेले आहेत; ग्राहकांचे समाधान किती वाढले, हे त्यांतून कळत नाही.

दुसरी भूमिका: दुकान नात्यावर चालते

साशंक मंडळींचा युक्तिवाद जिल्ह्याच्या बाजारातून येतो. इथला व्यवहार उधारीवर चालतो. पेरणीला घेतलेल्या मालाचे पैसे कापूस निघाल्यावर दिले जातात. कोणाला किती उधार द्यायचे, कोणाची थकबाकी यंदा पुढे ढकलायची, हे दुकानदार माणूस आणि त्याचे शिवार ओळखून ठरवतो. ‘भाऊ, यंदा जरा सांभाळून घ्या’ या वाक्याला बटण नसते. पाऊस लांबून दुबार पेरणीची वेळ आलेल्या माणसाला यादी दाखवणे म्हणजे त्याला दारातून परत पाठवणेच होय, असे ही मंडळी सांगतात.

त्यांचा दुसरा मुद्दा सवयीचा आहे. गावाकडचा ग्राहक टाइप करण्यापेक्षा फोन लावतो किंवा आवाजात संदेश पाठवतो. बॉटने लेखी यादी पुढे केली, तर त्याला ती अडवणूक वाटते. मोठ्या कंपन्यांच्या स्वयंचलित फोनसेवेत आकडे दाबून दाबून थकलेल्या लोकांचा हा अनुभव निराधार नाही.

तिसरा मुद्दा परदेशी अनुभवाचा. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला बॉट ७०० माणसांइतके काम करतो असे सांगितले. वर्षभराने, २०२५ मध्ये, कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकाला माणसाशी बोलण्याची सोय नेहमी असली पाहिजे असे म्हणत पुन्हा माणसे घेण्याकडे मोर्चा वळवला. समर्थक याला सुधारणा म्हणतात, साशंक मंडळी माघार. घटना एकच आहे.

तिसरी भूमिका: प्रश्नानुसार वाटणी

या दोहोंच्या मधे उभे असलेले लोक प्रश्नांचे तीन गट करतात. वेळ, पत्ता, लागणारी कागदपत्रे, देयकाच्या पद्धती ही ठरीव माहिती बॉटकडे द्यावी. भाव आणि साठा ही बदलती माहिती बॉटने द्यावी, पण ‘कधीची’ हे सांगूनच. सल्ला, उधारी, तक्रार आणि जिथे चुकीने जीव किंवा हंगाम जाऊ शकतो ते सारे माणसाकडे ठेवावे.

या तिसऱ्या गटाचे गांभीर्य यवतमाळला वेगळे सांगावे लागत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. कोणते औषध कशात मिसळू नये, पंपाला किती मात्रा, वाऱ्याच्या कोणत्या दिशेने फवारावे, हे प्रश्न कृषी केंद्राच्या फोनवर रोज येतात. तिथे यंत्राने आत्मविश्वासाने सांगितलेला एक चुकीचा आकडा घातक ठरू शकतो. म्हणून या भूमिकेचे लोक म्हणतात, की मात्रेचा प्रश्न आला की बॉटने आकडा सांगूच नये. डब्यावरचे लेबल आणि माहितीपत्रक वाचायला सांगावे, दुकानातल्या जाणकाराला किंवा कृषी विज्ञान केंद्राला जोडून द्यावे, आणि विषबाधेची लक्षणे लिहून आली तर थेट दवाखान्यात जायला सांगावे.

या वाटणीवरही आक्षेप आहेत. ग्राहक प्रश्न गटवारीने विचारत नाही. ‘अमुक औषध आहे का, पंपाला किती टाकू’ असे एकाच दमात विचारतो. बटणांच्या बॉटला अर्धा प्रश्न ऐकूच येत नाही, आणि भाषा-प्रारूपाचा बॉट दोन्ही अर्ध्यांची उत्तरे देण्याचा मोह आवरत नाही. वाटणी कागदावर स्पष्ट असते, संभाषणात ती पुसट होते.

भाषेचा पेच

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी होते. पुण्यातील एल३क्यूब गटाने मराठीसाठी मजकूरसंग्रह आणि प्रारूपे खुली केली. मद्रास आयआयटीतले एआय४भारत आणि केंद्राची ‘भाषिणी’ योजना यांनी अनुवाद आणि आवाज ओळखण्याच्या सोयी वाढवल्या. प्रमाण मराठीत नीट लिहिलेला प्रश्न आजचे चांगले प्रारूप समजून घेते.

जिल्ह्यातला ग्राहक मात्र तसा लिहीत नाही. ‘तुरीचं बियानं भेटते का’, ‘मले दोन पाकिटं पाह्यजे’, ‘गाडी काऊन नाही आली’ अशी वऱ्हाडी, तीही अनेकदा रोमन अक्षरांत, मधे हिंदी शब्द घेऊन येते. पुसद, दिग्रस, आर्णी, महागाव भागात घरात गोरबोली बोलली जाते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात कोलामी आणि गोंडी आहेत, तर तेलंगणाच्या सीमेवर तेलुगूही ऐकू येते. गोरबोली, कोलामी, गोंडी यांपैकी एकही भाषा आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे बहुतेक सरकारी भाषातंत्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ची प्राथमिक आवृत्ती आणली; तिच्या पहिल्या चार भाषांत गोंडी आहे, कोलामी नाही. कोलाम समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या उणिवेचे वजन कळते.

एका मतानुसार आवाजाचे तंत्र जसे सुधारेल तसा हा पेच सुटेल. २०२३ मध्ये हरियाणातल्या बिवान गावात ‘जुगलबंदी’ या बॉटचा प्रयोग याच दिशेने झाला होता. दुसरे मत असे, की पुरेसा मजकूर आणि आवाजाचे नमुने नसलेल्या भाषा मागेच राहतील आणि बॉटवर भर देणारी दुकाने त्या ग्राहकांसाठी आणखी दूर जातील. दुकानदाराच्या हातात तोवर एक साधा उपाय आहे: ग्राहक खरोखर वापरतात ते शब्द, त्यांच्याच वळणाने, प्रश्नांच्या यादीत घालणे आणि समजले नाही तर पुन्हा पुन्हा न विचारता माणसाला बोलावणे.

जबाबदारी आणि कायदा

बॉटच्या चुकीची किंमत कोणी मोजायची, यावर बहुतेक ठिकाणी उल्लेखला जाणारा निर्णय कॅनडातला आहे. एअर कॅनडाच्या बॉटने जेक मोफॅट या प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल चुकीचे सांगितले. बॉट आपल्या कृत्याला स्वतःच जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार सोपा आहे: दुकानाच्या नावाने जे बोलले गेले, ते दुकान बोलले. आपल्याकडचा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा दिशाभूल करणारी माहिती आणि सेवेतली त्रुटी यांवर दाद मागू देतो. उत्तर माणसाने दिले की यंत्राने, याने विक्रेत्याची सुटका होईल असे मानण्यास आधार दिसत नाही.

दुसरा कायदा माहितीचा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती कशासाठी घेतली हे स्पष्ट सांगणे, संमती घेणे, ती मागे घेण्याची सोय देणे आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही उपलब्ध ठेवणे, हे त्याचे गाभ्याचे मुद्दे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि शिकवणी वर्गांना ही गोष्ट थेट लागू पडते. दुकानदाराने सोयीसाठी आधार क्रमांक, सातबारा किंवा बँक पासबुकाचे फोटो बॉटवर मागवले, तर ते मध्यस्थ कंपनीच्या सर्व्हरवरही जातात. जी माहिती कामाला लागत नाही ती मागू नये, हा नियम कायद्याला धरून आहेच, लहान व्यवसायाला परवडणाराही आहे.

खर्च आणि अवलंबित्व

खर्चाचे दोन भाग आहेत: मध्यस्थ कंपनीचे मासिक शुल्क आणि मेटाचे संदेशशुल्क. ग्राहकाने स्वतः संदेश पाठवला की चोवीस तासांची खिडकी उघडते. नोव्हेंबर २०२४ पासून त्या खिडकीत दिलेल्या सेवाविषयक उत्तरांना मेटा शुल्क लावत नाही. जुलै २०२५ पासून दर संभाषणाऐवजी प्रतिसंदेश लागतो आणि जाहिरातीचे संदेश सर्वांत महाग पडतात. केवळ उत्तरे देणारा बॉट त्यामुळे स्वस्त आहे. ‘सर्व ग्राहकांना ऑफर पाठवा’ या सल्ल्याने बिल वाढते आणि ग्राहकही नंबर ब्लॉक करतात. भाषा-प्रारूप वापरले, तर ते मजकूर ज्या तुकड्यांत (टोकनांत) तोडते त्यांच्या संख्येवर वेगळा आकार पडतो, आणि देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा अधिक होतात.

अवलंबित्वाचा प्रश्न पैशापलीकडचा आहे. पूर्वी एपीआयला जोडलेला नंबर साध्या अ‍ॅपवर चालत नसे; २०२५ पासून दोन्हीकडे एकच नंबर चालवण्याची सोय मिळू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेटाने जाहीर केले, की सर्वसाधारण गप्पांचे एआय सहायक जानेवारी २०२६ पासून या सेवेवर चालणार नाहीत, व्यवसायाच्या ग्राहकसेवेचे बॉट मात्र चालतील. निर्णय दुकानांच्या विरोधात गेला नाही, पण नियम एक कंपनी ठरवते आणि ते बदलतात, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून प्रश्नोत्तरांची मूळ फाइल आणि ग्राहकांची यादी स्वतःकडे, कोणत्याही मंचाबाहेर जपावी, यावर तिन्ही भूमिकांचे लोक सहमत आहेत.

जे अजून सुटलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न मोजमापाचा. कंपन्या ‘किती संभाषणे माणसाविना संपली’ हा आकडा यश म्हणून दाखवतात. पण कंटाळून गप्प बसलेला ग्राहकही त्यात मोजला जातो. उत्तर मिळाल्यावर ग्राहकाची फेरी वाचली का, त्याला हवा तो माल मिळाला का, हे मोजणारी सोपी पद्धत लहान दुकानांसाठी अजून रुळलेली नाही.

दुसरा प्रश्न श्रमाचा. बॉटमुळे दुकानातल्या मुलाची नोकरी जाईल की त्याचे काम बदलेल? दोन-तीन माणसांच्या दुकानात कपातीला फारसा वाव नाही. पण रोजचा साठा भरणे, उत्तरे तपासणे हे नवे काम त्याच पगारात त्याच्याच माथी पडणार का, याकडे चर्चेत कमी लक्ष गेले आहे.

तिसरा प्रश्न नोंदींच्या जोडणीचा. खताचा साठा सरकारी प्रणालीत आणि ग्राहकाचा प्रश्न दुकानाच्या फोनवर, हे अंतर दुकानदार एकट्याने मिटवू शकत नाही. ते मिटवायचे तर साठ्याची माहिती कोणापुढे आणि किती खुली करायची, हे आधी ठरायला हवे. टंचाईच्या दिवसांत ती खुली असणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे, तर गर्दी आणि साठेबाजी वाढेल अशी भीती विक्रेत्यांना वाटते.

चौथा प्रश्न उत्तरांच्या मालकीचा. बियाण्याची उगवण तपासणे, बीजप्रक्रिया, लेबल वाचणे, विषबाधेत काय करावे, ही उत्तरे प्रत्येक दुकानाने वेगवेगळी लिहिण्याचे कारण नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र यांनी तपासलेला, तारीख घातलेला, वऱ्हाडी वळणाचे प्रश्न सामावणारा एक खुला संग्रह असावा, ही कल्पना व्यवहार्य आहे. तो कोणी चालवायचा आणि चूक निघाली तर दुरुस्ती सर्व दुकानांपर्यंत कशी पोचवायची, हे ठरलेले नाही.

चर्चा कुठे येऊन ठेपली आहे

साधन कसे बनवायचे, हा वाद संपल्यात जमा आहे. ज्याला व्हॉट्सअ‍ॅप चालवता येते त्याला प्राथमिक बॉट तयार करता येतो. ठरीव माहितीसाठी तो उपयोगी आहे, यालाही गंभीर विरोध उरलेला नाही. मतभेद सुरू होतात ते बदलत्या माहितीपासून, आणि जोखमीच्या सल्ल्यापाशी ते सर्वांत तीव्र होतात. भाषेच्या बाबतीत मराठीची प्रगती खरी आहे, जिल्ह्यातल्या इतर भाषांची वाट लांब आहे.

या सगळ्यातून लहान व्यावसायिकासाठी एक कसोटी निघते, आणि तिन्ही भूमिकांना ती मान्य होण्यासारखी आहे. बॉटमधल्या प्रत्येक उत्तरापुढे दोन गोष्टी लिहिता आल्या पाहिजेत: ते शेवटचे कधी तपासले, आणि ते चुकले तर दुकानातले कोण निस्तरणार. ज्या उत्तरापुढे या दोन्ही लिहिता येतात ते यंत्राच्या स्वाधीन करायला हरकत नाही. ज्यापुढे येत नाहीत, ते उत्तर अजून माणसानेच द्यायचे आहे. पेरणीच्या तोंडावर फोन करणाऱ्या शेतकऱ्याला खरे आणि वेळेवर उत्तर मिळावे, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे. बॉट चांगला की वाईट, हे शेवटी त्याच मापाने ठरेल.